आईची सत्तरी आणि अख्खं पापलेट

आमच्या घरात पापलेटच्या तुकड्या कशा वाटल्या जायच्या हे मला चाळिशी उलटल्यावर नीट लक्षात आलं. बुधवार, शुक्रवार, रविवार हे आमचे माशांचे वार. बाबा मार्केटमधून बऱ्यापैकी मोठा सरंगा आणायचे (आम्ही वेंगुर्ल्याकडचे, घरात पापलेटला सरंगाच म्हणतात), आई तो कापायची, मधल्या जाड तुकड्या बाबांना आणि दादाला, पोटाकडची मऊ तुकडी आजीला कारण तिचे दात गेलेले, एक मला, आणि डोकं कालवणात आणि शेपटी तव्यावर कडक तळून, ते दोन्ही आईचं. आणि आई म्हणायची की मला डोकंच आवडतं, त्यातच खरी चव असते. डोक्यात चव असते हे खरंच आहे, मी नाकारत नाही, पण पन्नास वर्षं दर वेळी डोकंच कसं आवडेल कोणाला?

कुर्ल्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, तर त्याहून वाईट. कुर्ली खायला वेळ लागतो, दोन्ही हात लागतात, एकदा हात बरबटले की मधेच उठता येत नाही. आई वाढत असायची, भाकऱ्या करत असायची, त्यामुळे ती कुर्ल्या शेवटी खायची, सगळे हात धुवून टीव्हीसमोर गेल्यावर, ओट्यापाशी उभ्या उभ्या, आणि तोवर डेंगे, म्हणजे मोठ्या नांग्या, संपलेले असायचे, उरलेले असायचे ते बारीक पाय.

तर गेल्या डिसेंबरात आईला सत्तर पूर्ण होणार होती आणि दादा-वहिनी मुलांसकट लंडनहून येणार होते, तेव्हा जेवायला बाहेर जायचं हे ठरलंच होतं. माझ्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या. आईच्या ताटात एक अख्खं पापलेट, कोणाशीही न वाटता. आणि बसून, सावकाश, डेंग्यांसकट खाल्लेली कुर्ली. बाकी रेस्टॉरंट कुठलं, महाग किती, समुद्र दिसतो की नाही, हे सगळं नंतर.

पहिली अडचण आली वाराची. वाढदिवस आला गुरुवारी आणि तोही मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. आई मार्गशीर्षातले गुरुवार करते, घट मांडते, संध्याकाळी पुरणपोळीचा नैवेद्य, त्या दिवशी आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. दादाचं म्हणणं की वाढदिवस त्या दिवशीच साजरा व्हायला हवा, वर्षातनं एकदा देव समजून घेईल. मला ते अजिबात पटलं नाही. जिच्यासाठी करतोय तिच्या मनाला लागेल असं करून काय मिळवायचं? शनिवार बाबांचा मारुतीचा वार, रविवारी रात्री दादाची फ्लाइट, सोमवारी अमावस्या. राहिला शुक्रवार. बाबा कॅलेंडर बघून खूश झाले कारण आमच्याकडे असं मानतात की अमावस्येच्या सुमाराला कुर्ल्या भरलेल्या असतात आणि पौर्णिमेला पोकळ, वेंगुर्ल्याला माझी आजी पौर्णिमेच्या आठवड्यात कुर्ल्या विकत घ्यायचीच नाही. तीन दिवसांवर अवस, म्हणजे शुक्रवार पक्का. (डिसेंबर तसाही बरा महिना. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, मग श्रावण, मग गणपती, त्यामुळे माझ्या एका मैत्रिणीचा ऑगस्टमधला वाढदिवस आयुष्यात कधी माशांवर झालेला नाही.)

आता जागा. इथे मला दोन वर्षांपूर्वीचं सांगायला हवं. बाबांच्या पंचाहत्तरीला आम्ही एका फार नावाजलेल्या, मंद दिवे, जाड नॅपकिन वगैरे असलेल्या ठिकाणी गेलो होतो, नाव लिहीत नाही. मेन्यूत रावस लिहिला होता, ग्रिल्ड, लेमन बटर सॉसमध्ये. ताट आलं, सुंदर दिसत होतं, आईने पहिला घास घेतला आणि हळूच बाबांना म्हणाली, "ह्यो रावस नाय." आणि नव्हताच. तो बासा होता, व्हिएतनामवरून फ्रोझन फिले करून येतो तो, नदीतला, पांढराफटक, बिनकाट्याचा, बिनवासाचा. बासा खायला काही वाईट नाही, ज्याला काट्यांची भीती वाटते त्याने खुशाल खावा, पण रावस म्हणून बासा वाढणं ही फसवणूक आहे. रावसाचं मांस शिजलं की त्याचे मोठे मोठे पदर सुटतात, हलका गुलाबीपणा असतो, आणि आयुष्यभर मासे चिरलेल्या बाईला ते कळणार नाही असं त्यांना वाटलं असेल. त्याच जेवणात कुर्लीचा भाव मेन्यूत नव्हता, आम्ही विचारला नाही, आणि बिल आलं तेव्हा बाबांचा चेहरा उतरला. घरी येताना टॅक्सीत कोणी फार बोललं नाही. ते मला पुन्हा नको होतं.

म्हणून या वेळी मी महिनाभर आधी कामाला लागले.

दादाची पहिली सूचना होती पंचतारांकित हॉटेल. वीकेंडला सीफूड बुफे असतो, बर्फावर मांडलेले मासे, शेवंड, ऑयस्टर, हवं ते घ्या. पैसे तो देणार होता त्यामुळे प्रश्न पैशाचा नव्हता (तरी एक सांगते, ज्या हॉटेलात खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या वर असतं तिथल्या रेस्टॉरंटात जीएसटी १८ टक्के लागतो, बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटात ५ टक्के, आठ माणसांच्या बिलात तो फरक चांगला जाणवतो). माझा विरोध बुफेला होता. बुफे म्हणजे आई पुन्हा उठणार. नातवाच्या ताटात काय नाही ते बघणार, बाबांसाठी कालवण घेऊन येणार, कोणाची कोळंबी संपली ते बघणार, आणि शेवटी स्वतःच्या ताटात थंड झालेला भात. मी दादाला म्हटलं की सत्तराव्या वाढदिवसाला तिला परत वाढपी करायचं नाहीये, आणि हे त्याला लगेच समजलं, पुढे त्याने बुफेचं नाव काढलं नाही.

दुसरी सूचना बाबांची, मालवणी ठिकाण. दादरला सिंधुदुर्ग आहे, चैतन्य आहे, पार्ल्याला गजाली आहे, आणि गजाली हा शब्दच आमचा, गप्पाटप्पा म्हणजे गजाली, तिथे आम्ही कितीतरी वेळा गेलोय आणि भरलेल्या बोंबलांसाठी मी कधीही पुन्हा जाईन. पण माझं या बाबतीत एक ठाम मत झालंय आणि ज्यांच्या आया उत्तम स्वयंपाक करतात त्यांनी ते जरूर लक्षात घ्यावं. जी बाई पन्नास वर्षं एक पदार्थ करते आहे तिला तोच पदार्थ खायला बाहेर नेऊ नये. ती खात नाही, ती तपासते. बांगड्याच्या कालवणात तिरफळं कमी आहेत, खोबरं जाड वाटलंय, आमसुलाऐवजी चिंच घातलीय, भात दोन मिनिटं आधी उतरवायला हवा होता. तिला टीका करायची नसते, पण तिचं डोकं आपोआप चुलीपाशी जातं. मला तिला चुलीपासून लांब न्यायचं होतं. म्हणजे मासे तेच, समुद्र तोच, पण हात दुसऱ्या कोणाचा आणि मसाला दुसऱ्या गावचा.

असं म्हटल्यावर मुंबईत दोन मोठे रस्ते उरतात. एक मंगलोरी, आणि दुसरा तो खास मुंबईचाच प्रकार, बटर पेपर गार्लिक क्रॅब, ज्याचं नाव काळा घोड्याच्या तृष्णाशी कायमचं जोडलं गेलंय. दादाच्या घरात तृष्णा हे नाव वेगळ्या कारणाने ओळखीचं, लंडनला मॅरिलबोनमध्ये २००८ साली त्याच नावाचं रेस्टॉरंट निघालं, मुंबईच्या तृष्णावरून प्रेरणा घेऊन, आणि २०१२ मध्ये त्याला मिशेलिन स्टार मिळाला. वहिनी तिथे जाऊन आली होती, तिला मूळ जागा बघायची होती. आणि मंगलोरीमध्ये फोर्टचं महेश लंच होम, कावसजी पटेल स्ट्रीटवरचं, कर्केरा कुटुंबाचं, सत्तरच्या दशकात छोट्या लंच होमसारखं सुरू झालेलं, आता जुहूलाही आहे. लंच होम हे नाव मला फार आवडतं. ऑफिसात येणाऱ्या माणसाला दुपारी घरासारखं जेवण, इतका साधा अर्थ, आणि मोठं झाल्यावरही त्यांनी ते बदललं नाही.

दोन्ही फोर्टात. आणि इथे एक गोष्ट मला तोपर्यंत सुचलीच नव्हती ती बाबांनी सांगितली.

आई जीपीओत, म्हणजे मुंबईच्या मुख्य पोस्टात, नोकरीला होती. एकतीस वर्षं डोंबिवली ते व्हीटी, सकाळची ७:५२ नाहीतर तिच्यापाठची, आणि संध्याकाळी परत. तिच्या सेक्शनमध्ये कोणाला प्रमोशन मिळालं की साहेब लोक दुपारी महेशला जायचे, पार्टी व्हायची. बायकांचा ग्रुप डबा खायचा. आई पी. एम. रोडवरनं जाताना त्या गल्लीच्या तोंडाशी मसाल्याचा वास यायचा म्हणे, आणि एकदा पगाराच्या दिवशी तिने बाबांना म्हटलं होतं की एकदा जाऊया आपण, मग दादाची फी आली, मग माझा टायफॉइड, मग आजीचं ऑपरेशन. पुढे तिने तो विषय काढला नाही. बाबांना तो लक्षात होता, चाळीस वर्षं. ते हे सांगत होते तेव्हा आई स्वयंपाकघरात होती आणि बाबा आवाज इतका बारीक करून बोलत होते की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

मग ठरवायचं काय राहिलं. वहिनीला तृष्णा हवं होतं पण ती स्वतःच म्हणाली की ते पुढच्या वर्षी, या वर्षी महेश.

तरी मी फोन करून आणि एकदा दुपारी स्वतः जाऊन सगळं विचारून घेतलं, कारण बाबांच्या पंचाहत्तरीनंतर माझा नुसत्या नावावर विश्वास राहिलेला नाही, नाव कितीही मोठं असो. काय विचारायचं हे सांगते, कुठल्याही माशांच्या चांगल्या हॉटेलात जाताना उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी, मासा शिजवायच्या आधी टेबलावर आणून दाखवता का. चांगल्या ठिकाणी वेटर ट्रेमध्ये घेऊन येतो, जिवंत कुर्लीसुद्धा. हे नुसतं नाटक नाही. डोळा फुगीर आणि चकचकीत हवा, आत गेलेला, दुधाळ झालेला नको. कल्ला उचलून आत लाल हवं, तपकिरी नको. अंगावर बोट दाबलं की खड्डा राहायला नको. पापलेटची आई एक वेगळीच परीक्षा करते, कल्ल्याजवळ दाबते, पांढरट पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर परत ठेव म्हणते, आणि सिटीलाईट मार्केटच्या कोळणी तिला इतक्या ओळखायच्या की तिच्यासाठी खालच्या टोपलीतलं काढायच्या. रेस्टॉरंटात कोणी पापलेट दाबत बसत नाही हे कबूल, पण दाखवा म्हणायला लाजू नये.

दुसरं, मेन्यूत जिथे आकडा नसून ए.पी.एस. लिहिलेलं असतं, म्हणजे ॲज पर साइज, तिथे ऑर्डर देण्याआधीच विचारायचं, हा जो समोर दाखवताय त्याचे किती होतील. मोठं पापलेट, शेवंड, कुर्ली, टायगर प्रॉन्स, सगळ्यांचं असंच असतं. वाढदिवसाच्या दिवशी पाहुण्यांसमोर भाव विचारणं बरं दिसत नाही असं वाटतं ना, मग मी केलं तसं आधी जाऊन विचारून यायचं. माणशी साधारण अडीच हजार असं आम्ही धरलं होतं आणि त्यात बसेल अशी ऑर्डर मी आधीच कागदावर लिहून ठेवली.

तिसरं, मेन्यूतली नावं. ही गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. इंडियन सॅमन लिहिलं असेल तर तो आपला रावस, सॅमनशी त्याचं काही नातं नाही. ब्लॅक पॉम्फ्रेट म्हणजे हलवा, तोही खरं तर पापलेटच्या कुळातला नाहीच, पण चवीला फार चांगला आणि भावाला जरा नरम, जाड तुकडी आवडत असेल तर हलवाच घ्या. लेडीफिश म्हणजे मुडदुशी. किंगफिश म्हणजे सुरमई, गोव्यात विसवण. खरं पापलेट ते चंदेरी, सिल्व्हर, ज्याला २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा केलं. त्याच वर्षी सरकारने ५४ जातींच्या माशांचा किमान आकार ठरवून दिला, त्याच्याहून लहान पकडायचा नाही असा, कारण पिल्लंच पकडून खाल्ली तर पुढे अंडी घालणार कोण. म्हणून तळहाताएवढी चार पापलेटं घेण्यापेक्षा एक पूर्ण वाढलेलं घ्यावं असं मला मनापासून वाटतं. घरी आईपण तेच म्हणते, पिल्लांवर सुरी चालवू नये.

चौथं आमच्या घरापुरतं, पण महत्त्वाचं. दादाच्या धाकट्याला कोळंबीची ॲलर्जी आहे. अंगावर गांधी येतात, एकदा तर ओठ सुजून हॉस्पिटलात न्यावं लागलं होतं. नुसतं कोळंबी मागवली नाही म्हणजे झालं असं नसतं, ज्या तेलात कोळंबी तळली त्याच तेलात सुरमई तळली तरी त्रास होतो. हे फोनवर सांगितलं, गेल्यावर परत वेटरला सांगितलं, आणि त्याच्यासाठी तळलेलं काही मागवलंच नाही, वेगळ्या पॅनमध्ये केलेलं साधं चिकन आणि भात. तो दहा वर्षांचा आहे आणि त्याने एकदाही कुरकुर केली नाही, आजीसाठी आलोय म्हणाला.

आणि पाचवा प्रश्न, जो विचारताना मी जरा अडखळले. कुर्लीचे डेंगे फोडून देता का? आईच्या हाताला आता संधिवात आहे, अंगठ्याच्या सांध्यात जोर येत नाही. घरी ती डेंगे पाट्यावर वरवंट्याने ठेचायची, आता बाबा ठेचून देतात. फोनवरचा माणूस म्हणाला, मॅडम, आम्ही क्रॅक करूनच आणतो आणि हवं तर टेबलावर सोलून देऊ. मी म्हटलं सोलून नको. क्रॅक करा, सोलणं तिला तिचं करू द्या. कुर्ली सोलून ताटात आयती मिळाली तर त्यात कुर्ली खाण्याचं काहीच राहत नाही.

आईला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. गुरुवारी तिने व्रत केलं, पुरणपोळ्या केल्या, संध्याकाळी हळदीकुंकू, आणि बाबांनी तिला शुक्रवारी संध्याकाळी तयार राहा इतकंच सांगितलं. तिचं सुरू झालंच, "कित्याक एवढो खर्च करतास, घराक करूया, दोन सरंगे हाडा." बाबा म्हणाले, "हाडतंय हां, तू साडी नेस."

ठाण्याहून फ्रीवेने आलो, दोन गाड्या. ऑरेंज गेटला खाली उतरून फोर्टकडे वळल्यावर सातची वेळ, आणि सगळं ऑफिस उलट्या दिशेने व्हीटीकडे धावत होतं. जीपीओचा घुमट दिसल्यावर आईने गाडी जरा हळू घ्यायला सांगितली. १९१३ साली बांधून झालेली ती इमारत, विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेला घुमट, आई लहानपणी आम्हाला दाखवायला आणायची आणि सांगायची की या खिडकीत मी बसते, आम्हाला कुठली खिडकी ते कधी कळलं नाही पण आम्ही हो म्हणायचो. या वेळी तिने दादाच्या मुलांना तीच खिडकी दाखवली. आणि मग गाडी पी. एम. रोडवर आली, गल्लीत वळली, आणि ती एकदम गप्प झाली. बाबांकडे बघितलं तिने. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

जेवणाचं सगळं सांगत बसत नाही. आधी रवा लावून तळलेले बोंबील, कुरकुरीत, आत लोण्यासारखे. तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं. मग गस्सी आली, सुरमईची, आणि तिच्याबरोबर नीर डोसे, आणि आईने पहिला डोसा हातात घेऊन उलटा केला, उजेडाकडे धरला आणि हसली. म्हणाली, अरे हे तर आपले घावणे! आणि खरंच, तांदूळ भिजत घालून वाटायचे, पीठ पाण्यासारखं पातळ, आंबवायचं नाही, तव्यावर ओतायचं, जाळी पडते. तुळूत नीर म्हणजे पाणी हे मी तिला सांगितलं. वेंगुर्ल्यापासून मंगलोरपर्यंत एकच किनारा आहे, भाषा बदलत गेली तरी घावणा काही बदलला नाही. गस्सी मात्र वेगळी, खोबरं आणि बेडगी भाजून, धणे, मेथीचा वास, चिंचेचा आंबटपणा, आमसुलासारखा मागे राहणारा नाही, सरळ पुढे येणारा. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते की आता तपासणी सुरू होते का. नाही झाली. तिने दुसरा डोसा घेतला आणि म्हणाली, हे मला येत नाही, छान आहे. मला येत नाही हे वाक्य माशांच्या बाबतीत मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, आणि किती खुशीत म्हणाली ती.

मग पापलेट. ते मी आधीच सांगून ठेवलं होतं, वेटरने ते मोठं लांबट ताट सगळ्यांच्या डोक्यावरून नेऊन तिच्यासमोर ठेवलं, अख्खं, तंदुरी, डोक्यापासून शेपटीपर्यंत. तिने सवयीने लगेच चमचा घेतला आणि मधली तुकडी कापून बाबांच्या ताटाकडे हात नेला. बाबांनी ताटावर हात आडवा धरला. दादाकडे वळली, त्यानेही धरला. मग मी, मग वहिनी, मग मुलांनी तर दोन दोन हात धरले, त्यांना तो खेळ वाटला. चमचा तसाच हवेत. मग ती तुकडी तिने स्वतःच्या ताटात ठेवली आणि खाल्ली. काही बोलली नाही. सावकाश, एका बाजूचं पूर्ण संपवलं, मधला काटा पद्धतशीर उचलून बाजूला ठेवला, खालची बाजू संपवली. डोकं सगळ्यात शेवटी. ते मात्र तिने खरंच आवडीने खाल्लं, म्हणजे ते इतकी वर्षं अगदीच खोटं नव्हतं, आणि ते बघून माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं.

कुर्ली बटर पेपर गार्लिक सांगितली होती, तिने कधी न खाल्लेली. शिजवायच्या आधी जिवंत आणून दाखवली तेव्हा तिने वेटरला उलटी करून दाखव म्हटलं, पोटावरचा पट्टा रुंद की निमुळता ते बघायला, रुंद असेल तर मादी, मग वजनाचा अंदाज घ्यायला हात पुढे केला, आणि तो वेटर, पंचविशीतला मंगलोरकडचा मुलगा, जरा दचकलाच. दोरीने बांधलेली होती म्हणून त्याने दिली हातात. "भरलेली असा," ती बाबांना म्हणाली. बाबांनी अवशीची आठवण करून दिली.

शिजून आली तेव्हा मिरी आणि लसणाचा वास सगळ्या टेबलावर. लोण्यात ते मांस गोड लागतं, आपल्या वाटपात जी गोडी मागे राहते ती इथे पुढे येते. धाकटा सोडून आम्ही सगळ्यांनी थोडी थोडी घेतली, दोन मागवल्या होत्या, आणि आमचं लवकर संपलं कारण आम्हाला घाई करायची सवय आहे. मुलं आइस्क्रीमवर गेली. दादा बिलाचं बघायला लागला (ठरवलं होतं त्याच्या आतच आलं, आकड्यात काही नवीन निघालं नाही). वेटर कोमट पाण्याच्या वाट्या घेऊन आला, लिंबाची फोड घातलेल्या, आणि एकेकासमोर ठेवत गेला, सगळ्यांनी बोटं बुडवली, टेबल जवळजवळ साफ झालं.

आईचं चाललेलं होतं. दोन्ही हात कोपरापर्यंत वर घेतलेले, साडीचा पदर खोचलेला, पायातला प्रत्येक पेर चोखून, कवचाच्या कडेतलं काडीने काढून, कोणाकडे लक्ष नाही. आम्ही सात जण तिच्याकडे बघत बसलो होतो, कोणाला उठायची घाई नव्हती. वेटरने तिच्यासमोरही वाटी ठेवायला हात पुढे केला तर तिने मान वर न करता ती कोपराने बाजूला सारली.

"थांब रे बाबा, माझो एक डेंगो रवलो असा."